घरच्या घरी साइडकार: डब्याआधी भूमिती

साइडकार, म्हणजे मोटरसायकलच्या बाजूला जोडायची एका चाकाची बैठक, बांधायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी डबा उभा राहतो. त्याचा आकार, रंग, आतली गादी, पुढची काच. खरं तर डबा हे या कामातलं सगळ्यात सोपं आणि शेवटी करायचं प्रकरण आहे. गाडी सरळ चालेल की एका बाजूला ओढेल, वळणावर तिसरं चाक जमिनीवर राहील की उचलेल, हजारो किलोमीटरनंतर सांधे शाबूत राहतील की नाही, हे सगळं दोन गोष्टींवर ठरतं: जमिनीवर खडूने मारलेल्या रेघा आणि मोटरसायकलला साइडकार धरून ठेवणारे चार जोड. म्हणून या लेखात सर्वात जास्त जागा त्यांना दिली आहे.

इथे वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते आणि साइडकार मोटरसायकलच्या डावीकडे आहे असं धरलं आहे. तुमच्याकडे वाहतूक उजवीकडून असेल तर साइडकार उजवीकडे येईल आणि खालच्या सगळ्या दिशा उलट वाचाव्या लागतील.

पहिला पाइप कापायच्या आधी आणखी एक काम. तीन चाकांची झालेली गाडी रस्त्यावर आणायला नोंदणीत बदल, तपासणी किंवा परवानगी लागू शकते, आणि प्रत्येक देशात त्याचे नियम वेगळे आहेत. तुमच्या परिवहन खात्यात जाऊन लेखी नियम बघा. कुठल्या दर्जाचे जोड चालतात, तिसऱ्या चाकाला ब्रेक हवा का, दिवे कुठे हवेत, हे त्यात सापडलं तर तेच तुमच्या आराखड्याचं पहिलं पान. विमा कंपनीलाही आधीच विचारा.

वजनापासून सुरुवात

आत कोण बसणार आणि काय न्यायचं, हे किलोमध्ये लिहून काढा. एक प्रौढ माणूस, थोडं सामान, पाण्याचा डबा, तंबू असं धरलं तर 90 ते 110 किलो सहज होतात. रिकाम्या साइडकारचं वजन मोटरसायकलच्या वजनाच्या साधारण 30 टक्के असावं, हा अनुभवी बांधणाऱ्यांचा ठोकताळा आहे. 200 किलोच्या गाडीला 60 ते 65 किलोची साइडकार. त्याहून फार हलकी केली तर डाव्या वळणावर ती उचलते, फार जड केली तर इंजिन, क्लच आणि ब्रेक दमतात. लांबच्या प्रवासासाठी मी थोडी जडच पसंत करेन, 70 ते 80 किलोपर्यंत, कारण तो जादा भार चासीच्या मजबुतीत जातो.

मोटरसायकल निवडताना इंजिनची ताकद दुय्यम माना. आधी फ्रेम बघा. इंजिनाखालून नळ्या जाणारी पाळण्यासारखी फ्रेम असेल तर क्लॅम्प लावायला जागा मिळते. इंजिनच फ्रेमचा भाग म्हणून भार घेतं अशा नव्या गाड्यांना वेगळी सबफ्रेम बनवावी लागते. ती इंजिनाच्या मूळ बोल्टांच्या जागांवर बसते आणि साइडकार तिला जोडली जाते. कमी आरपीएमवरही भरपूर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देणारं इंजिन या कामाला उत्तम. मोटरसायकलच्या मूळ फ्रेमवर वेल्डिंग करू नका. फ्रेमच्या नळ्या पातळ असतात, उष्णतेने शेजारचा भाग कमकुवत होतो, आणि पुढे कधी गाडी पुन्हा दोन चाकांवर आणायची झाली तर तो रस्ता बंद होतो.

जमिनीवरचा नकाशा

सपाट फरशी हवी, पाणपातळी लावून तपासलेली. त्यावर मोटरसायकल स्टँडशिवाय, दोन्ही बाजूंनी पट्ट्यांनी ताणून, अगदी उभी करा. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलपासून ओळंबा सोडून खुणा करा. या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे व्हीलबेस, आणि त्यांना जोडणारी रेघ ही सगळ्या मापांची मूळ रेघ.

आता तिसऱ्या चाकाची जागा ठरवायची. तिला दोन मापं आहेत.

पहिलं, साइडकारचं चाक मागच्या चाकाच्या किती पुढे असावं. याला लीड म्हणतात, आणि ते व्हीलबेसच्या 15 ते 20 टक्के ठेवतात. व्हीलबेस 1400 मिमी असेल तर 210 ते 280 मिमी. हे चाक मागच्या चाकाच्या रेषेत का नको? उजव्या वळणावर किंवा जोराच्या ब्रेकला गाडी पुढचं चाक आणि साइडकारचं चाक यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेवरून पुढे-डावीकडे कलंडू पाहते. लीड वाढवलं की ही रेषा गुरुत्वमध्यापासून लांब जाते आणि नाक खाली जाण्याचा धोका कमी होतो. मात्र ते फार वाढवलं तर वळताना तिसरा टायर आडवा घासत जातो आणि हँडल जड होतं.

दुसरं माप रुंदीचं: मोटरसायकलच्या मूळ रेघेपासून तिसऱ्या चाकाच्या मध्यापर्यंत 1050 ते 1200 मिमी. या रुंदीचा परिणाम कळण्यासाठी एक हिशेब मांडू. रुंदी 1150 मिमी आहे. मोटरसायकल आणि चालक मिळून 270 किलो, रिकामी साइडकार 80 किलो, आणि तिचा गुरुत्वमध्य मूळ रेघेपासून 650 मिमी. तर एकूण 350 किलोचा गुरुत्वमध्य मूळ रेघेपासून जेमतेम 150 मिमी डावीकडे सरकतो. गुरुत्वमध्याची उंची 600 मिमी धरली तर 150 भागिले 600, म्हणजे 0.25. गुरुत्वाकर्षणाच्या पाव पट बाजूचा जोर लागला की डाव्या वळणावर साइडकार उचलणार. 30 मीटर त्रिज्येच्या वळणावर हा वेग निघतो ताशी सुमारे 31 किमी. वाचायला हा आकडा कमी वाटतो, आणि म्हणूनच तो आधी माहीत हवा.

याच हिशेबात 70 किलोचा माणूस आत बसवला तर 0.25 चा आकडा 0.37 पर्यंत जातो आणि त्याच वळणावरचा वेग सुमारे 38 किमी होतो. आता माणसाऐवजी फक्त 35 किलो वाळू, पण अगदी बाहेर, चाकाजवळ, मूळ रेघेपासून 950 मिमीवर ठेवून बघा. उत्तर पुन्हा 0.37 च्या आसपासच येतं. म्हणजे वजन किती आहे याइतकंच ते कुठे आहे याला महत्त्व आहे. बॅटरी, हत्यारं, पाणी, जादा इंधन या सगळ्याची जागा या एका हिशेबातून ठरते: खाली, बाहेरच्या कडेला, ॲक्सलच्या जवळ.

चाकाची जागा ठरली की चासीचा आकार फरशीवर पूर्ण मापात खडूने काढा. मोटरसायकलचा ब्रेक पेडल किंवा गिअर लिव्हर, सायलेन्सर, किक, पायाची हालचाल यांना मोकळी जागा ठेवा. डावीकडच्या साइडकारला गिअर लिव्हर सहसा आड येतो, त्यामुळे चालकाच्या बुटासह माप घ्या.

चासी

मुख्य नळ्यांसाठी 38 ते 42 मिमी बाहेरच्या व्यासाचा, 3 मिमी जाडीचा साधा मऊ पोलादी पाइप घ्या, शक्य असेल तर सीमलेस (लांबीत जोड नसलेला). मिश्र पोलाद कागदावर जास्त ताकदवान दिसतं, पण ते वेल्ड करताना आणि नंतर थंड होताना जास्त काळजी मागतं. मऊ पोलाद तुटण्याआधी वाकतं, म्हणजे प्रवासात इशारा देतं. जस्ताचा मुलामा असलेला पाण्याचा पाइप वापरू नका. तो या कामासाठी बनलेला नसतो आणि वेल्ड करताना निघणारा जस्ताचा धूर विषारी असतो.

चासीचा पाया म्हणजे एक लांबट चौकट. दोन लांब नळ्या, त्यांना जोडणाऱ्या तीन किंवा चार आडव्या, आणि तिसऱ्या चाकाच्या पिव्होटपाशी (चाकाचा आर्म जिथे बिजागरीसारखा फिरतो तिथे) तिरके आधार. चौकट नुसत्या चौकोनाची ठेवली तर ती पिळवटते, त्यामुळे निदान एका भागात तिरकी नळी घालून त्रिकोण करा. जमिनीपासून चासीची उंची 180 ते 200 मिमी ठेवा. दुचाकीवर आपण खड्डा बगल देऊन टाळतो. इथे तीन चाकं तीन वेगळ्या चाकोऱ्यांवर नसली तरी दोन चाकोऱ्यांवर असतात, आणि मधला दगड चासीखालूनच जायचा असतो.

नळीला नळी जिथे मिळते तिथे टोक गोलाईत खाचून घ्या, जेणेकरून फट 1 मिमीपेक्षा जास्त राहणार नाही. रुंद फट वेल्डने भरलेला सांधा बाहेरून छान दिसला तरी आतून पोकळ असू शकतो. सगळे सांधे आधी फक्त टॅक (वेल्डचे छोटे तात्पुरते ठिपके) मारून धरा, मग दोन्ही कर्ण मोजा. ते 2 मिमीच्या आत जुळले की पूर्ण वेल्डिंग सुरू करा, आणि एका टोकापासून सलग न जाता आलटून पालटून समोरासमोरच्या सांध्यांवर करा. सलग गेलात तर उष्णतेने सगळी चौकट एका बाजूला ओढली जाते. जास्त भाराच्या सांध्यांना 4 मिमी पत्र्याचे त्रिकोणी गसेट द्या.

सुरक्षेच्या दोन गोष्टी इथेच सांगतो. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या धातूवर वेल्डिंग करू नका. ज्वाळेच्या प्रकाशात आणि उष्णतेत त्याच्या वाफेपासून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो. आणि साइडकार मोटरसायकलला जोडलेली असताना पूर्ण वेल्डिंग करू नका. प्रवाह बेअरिंगमधून किंवा इलेक्ट्रॉनिक भागांतून वाट काढतो. जागेवर एखादा टॅक मारावाच लागला तर बॅटरी सोडवा आणि अर्थचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावा.

वेल्डिंगचा हात बसलेला नसेल तर मापं, कापणी, खाचा, टॅकपर्यंतची जुळवणी स्वतः करा आणि अखेरचं वेल्डिंग जाणत्या वेल्डरकडून करून घ्या. आत माणूस बसणार आहे, त्यामुळे सराव या चौकटीवर करायचा नाही. वेल्ड झाल्यावर भेदक रंगाची तपासणी करा. लाल द्रव लावून पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. बारीक तडा असेल तर लाल रेघ वर येते. तीन डब्यांचा संच मिळतो आणि काम तासाभराचं आहे.

तिसरं चाक

चाक मोटरसायकलच्या चाकाच्या मापाचंच घेता आलं तर फार सोयीचं. तिन्ही चाकं अदलाबदल होणारी असतील तर एका जादा टायरवर सगळा प्रवास निभावतो. स्कूटरचं छोटं चाक बसवायला सोपं असतं, पण खड्ड्यात खोल उतरतं आणि बेअरिंगही लहान असतात. लक्षात घ्या, साइडकारची गाडी वळताना झुकत नाही. त्यामुळे दुचाकीच्या चाकाला आयुष्यात कधी न मिळालेला आडवा जोर मिळतो. तारांचं चाक असेल तर जाड तारा आणि नवीन बेअरिंग घाला.

चाक दोन्ही बाजूंनी धरायचं की एकाच बाजूने, हा निर्णय पिव्होटच्या रचनेतून निघतो. मोटरसायकलचं चाक, आरपार ॲक्सल आणि दोन्ही बाजूंनी धरणारा आर्म ही रचना घरी बनवायला सुरक्षित आहे. एकाच बाजूने धरणारा स्टब ॲक्सल हवा असेल तर तो लेथवर स्वतः कोरून न घेता छोट्या मोटारीचा किंवा ट्रेलरचा तयार हब घ्या, त्याच्या क्षमतेचे आकडे बघून.

स्विंगआर्म (चाक धरून वर-खाली हलणारा आर्म) 300 ते 400 मिमी लांब, पिव्होट चाकाच्या पुढे. चाकाची वर-खाली हालचाल 75 ते 100 मिमी पुरते. शॉक ॲब्सॉर्बर निवडताना चाकावर येणारा भार काढा: साइडकार 80, माणूस 70, सामान 20, एकूण 170 किलो. त्याचा मध्य रुंदीच्या 56 टक्क्यांवर असेल तर चाकावर साधारण 95 किलो येतात. मध्यम वजनाच्या मोटरसायकलच्या मागच्या जोडीतला एक शॉक इतका भार पेलतो. स्प्रिंग थोडी कडकच ठेवा. मऊ स्प्रिंग आतल्या माणसाला सुखाची वाटते, पण वळणावर सगळी गाडी तिच्यावर झुलते. मडगार्ड आणि टायर यांच्यात चाक पूर्ण वर आलं असतानाही 40 मिमी फट राहिली पाहिजे, नाहीतर चिखलात चाक अडकतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या बीएमडब्ल्यू आर75 सारख्या गाड्यांत साइडकारच्या चाकालाही इंजिनाची शक्ती दिलेली होती. घरच्या बांधणीत त्या वाटेला जाऊ नका. लॉक होणारा डिफरन्शियल (दोन चाकांत शक्ती वाटणारा गिअरसंच) आणि त्याची अचूक यंत्रणा हे कारखान्याचं काम आहे.

चार जोड

सगळ्या कामात सर्वात जास्त विचार इथे ओता. चार जोड असतात, दोन खालचे आणि दोन वरचे. खालचे जोड भार, ओढ आणि ब्रेकचा धक्का घेतात. वरचे दोन दांडे मोटरसायकल उभी धरतात आणि तिचा झुकाव ठरवतात.

पुढचा खालचा जोड इंजिनाच्या पुढे, फ्रेमच्या खाली उतरणाऱ्या नळीच्या बुडाशी. मागचा खालचा जोड स्विंगआर्मच्या पिव्होटजवळ. या दोघांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी गाडी सरळ रेषेत ताठ राहते. वरचा पुढचा दांडा टाकीखाली, हँडलच्या मानेच्या जवळपास. वरचा मागचा दांडा सीटखाली, शॉकच्या वरच्या बोल्टजवळ. वरचे दांडे जमिनीशी 45 अंशांच्या आसपास तिरके असावेत. हा कोन फार बदलला की त्यांच्यावरचा ताण वाढतो.

क्लॅम्प दोन अर्ध्यांचा, किमान 50 मिमी रुंद आणि नळीच्या व्यासात बरोबर कोरलेला हवा. यू आकाराचा बोल्ट नळीला एका रेघेत चेपतो आणि त्याच जागी पुढे तडा जातो. क्लॅम्प घसरू नये म्हणून तो नळ्यांच्या सांध्याला किंवा एखाद्या कानाला टेकेल अशी जागा शोधा.

बोल्ट 10.9 दर्जाचे, खालच्या जोडांना 14 किंवा 16 मिमीचे, आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे). बोल्ट शक्यतो दोन्ही बाजूंनी पकडलेला असावा, म्हणजे दोन कानांच्या मधोमध दांड्याचं टोक. एकाच बाजूने टांगलेला बोल्ट वाकतो. बॉलचं रॉड एंड (दांड्याच्या टोकाचा, सगळीकडे फिरणारा गोल सांधा) वापरलं तर त्याच्या बाहेर मोठा वॉशर घाला, म्हणजे बॉल निखळला तरी दांडा सुटून जाणार नाही. लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या दांड्यात आटा व्यासाच्या किमान दीडपट आत गेलेला हवा: 16 मिमीच्या आट्याला 24 मिमी. किती आटा आत आहे हे बाहेरून दिसावं म्हणून नळीला छोटं भोक पाडून ठेवा.

जुळवणी: टो-इन आणि झुकाव

आता चासी जोडा, चालकाच्या सीटवर चालकाच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवा, साइडकारमध्ये नेहमीचा भार ठेवा, तिन्ही टायरांत योग्य हवा भरा. हे न करता घेतलेली मापं रस्त्यावर बदलतात.

अडीच मीटर लांबीच्या दोन सरळ ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या घ्या. एक मोटरसायकलच्या दोन्ही टायरांच्या डाव्या कडेला, जमिनीपासून 100 मिमीवर ठेवलेल्या ठोकळ्यांवर टेकवा. पुढचा टायर मागच्यापेक्षा अरुंद असेल तर रुंदीतल्या फरकाच्या निम्मी पट्टी पुढे मध्ये घाला. दुसरी नळी साइडकारच्या टायरला टेकवा. आता दोन नळ्यांमधलं अंतर दोन ठिकाणी मोजा: पुढच्या टायरच्या पुढे आणि मागच्या टायरच्या मागे. पुढचं अंतर 10 ते 25 मिमीने कमी हवं. 15 पासून सुरुवात करा. हा टो-इन. तिसऱ्या चाकाची ओढ गाडीला डावीकडे खेचत असते, आणि किंचित आत वळलेलं चाक ती ओढ तोलतं. तो जास्त झाला तर टायरच्या कडा काही शे किलोमीटरमध्ये पिसासारख्या झिजतात. हाताने चाचपलं तर लगेच कळतं.

मग झुकाव. मोटरसायकल साइडकारपासून दूर, म्हणजे उजवीकडे, 1 ते 2 अंश झुकलेली हवी. रस्ता पाणी वाहून जाण्यासाठी कडेला उतरता असतो, त्यामुळे गाडी नेहमी डावीकडे ओढली जाते. हा झुकाव त्याला उत्तर आहे. अंश मोजायचं साधन नसेल तर 900 मिमी उंचीवरून ओळंबा सोडा. त्या उंचीवर 1 अंश म्हणजे सुमारे 16 मिमी आणि 2 अंश म्हणजे 31 मिमी. वरचे दोन दांडे सारखे फिरवून हे माप आणा. शेवटी टो-इन पुन्हा मोजा, कारण झुकाव बदलला की तोही थोडा हलतो.

अंतिम निवाडा रस्त्याचा. सपाट, सरळ, रिकाम्या रस्त्यावर ताशी 50 किमीला हँडल हलक्या हाताने धरा. गाडी डावीकडे ओढत असेल तर झुकाव थोडा वाढवा, उजवीकडे ओढत असेल तर कमी करा. एका वेळी दांड्याचा अर्धा फेरा, त्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक बदल वहीत लिहा.

पुढचा फोर्क

दुचाकीच्या फोर्कला साधारण 90 ते 110 मिमी ट्रेल असतो. ट्रेल म्हणजे हँडलच्या मानेची रेषा जमिनीला जिथे भेटते आणि टायर जिथे टेकतो त्या दोन बिंदूंमधलं अंतर. दुचाकीला तो सरळ चालण्यासाठी हवा असतो. तीन चाकांवर तोच ट्रेल हँडल जड करतो, आणि डोंगराळ रस्त्याच्या दिवसभरानंतर खांदे भरून येतात. साइडकारसाठी 40 ते 60 मिमी पुरतो. बीएमडब्ल्यूच्या 1955 ते 1969 च्या अर्ल्स फोर्कच्या गाड्यांत पिव्होटच्या दोन जागा होत्या, एक दुचाकीसाठी आणि एक साइडकारसाठी, त्या नेमक्या याच कारणाने.

घरी बांधणाऱ्याने फोर्क स्वतः वेल्ड करून बनवू नये, असं मी ठामपणे सांगेन. तो तुटला तर दुसरी संधी नसते. आधी रुंद हँडल, फोर्कमध्ये कडक स्प्रिंगा आणि स्टिअरिंग डॅम्पर (हँडलचे झटके शोषणारा छोटा शॉक) एवढंच करा. 20 ते 40 किमीच्या वेगात हँडल थरथरण्याची जी खोड साइडकारला असते, ती डॅम्परने काबूत येते. नंतर गरज वाटली तर तुमच्या मॉडेलसाठी बनवलेला, तपासलेला लीडिंग लिंक फोर्क (चाक पिव्होटच्या पुढे छोट्या आर्मवर धरणारा, कमी ट्रेलचा) विकत घ्या.

ब्रेक

तिसऱ्या चाकाला ब्रेक नसेल तर ब्रेक मारताना साइडकार पुढे जाऊ पाहते आणि गाडी उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांकडे वळते. प्रवासाच्या गाडीला तिसरा ब्रेक हवाच. मागचा ब्रेक हायड्रॉलिक असेल आणि गाडीला एबीएस नसेल तर टी-जोड देऊन साइडकारचा कॅलिपर त्यावर चालवता येतो, पण मास्टर सिलिंडर दोन्ही कॅलिपर भरण्याइतका मोठा हवा. एबीएसच्या लाइनला जोड देऊ नका. मागच्या पेडलच्या शेजारी दुसरं छोटं पेडल आणि वेगळा मास्टर सिलिंडर बसवा, एकाच पायाने दोन्ही दाबता येतील असे. साइडकारचा ब्रेक मागच्या ब्रेकपेक्षा कमजोर ठेवा. रिकाम्या साइडकारचं चाक फार लवकर जाम होतं.

इथेच हँडब्रेकचीही सोय करा. साइडकारची गाडी स्टँडवर उभी राहत नाही आणि चढावर गिअरमध्ये ठेवून सोडणं पुरेसं नाही.

डबा आणि वायरिंग

पुठ्ठ्याचा पूर्ण मापाचा नमुना चासीवर ठेवा आणि जो बसणार आहे त्याला हेल्मेटसह अर्धा तास आत बसवा. गुडघे, खांदे, चढता-उतरताना पाय कुठे टेकतो, सगळं तिथे कळतं. आतली रुंदी 500 मिमीच्या खाली नको. पाठीपासून तळव्यांपर्यंत एक मीटरच्या आसपास लागतो. मग 6 मिमी मरीन प्लायवूडच्या बाजू, 9 मिमीचा तळ, सांध्यांना आतून-बाहेरून इपॉक्सी आणि काचकापड. पत्र्यापेक्षा हे हलकं, आवाज कमी करणारं आणि घरच्या हत्यारांनी जमणारं. डबा चासीवर चार रबरी बुशांवर बसवा, म्हणजे चासीची पीळ डब्याला तडे देत नाही आणि तपासणीसाठी तो उचलताही येतो. तळाला पाणी जायला भोकं ठेवा. पट्टा लावणार असाल तर त्याची पकड चासीत हवी, प्लायवूडमध्ये नको.

वायरिंग थोडक्यात: साइडकारच्या बाहेरच्या कडेला पुढे पांढरा, मागे लाल दिवा, ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर. मोटरसायकलचा डावा इंडिकेटर आता झाकला जातो, तो साइडकारवर न्या. वेगळा फ्यूज, पाणी न शिरणारा बहुपिन जोड आणि अर्थसाठी स्वतंत्र तार. चासीच्या बोल्टांतून अर्थ घेतला तर गंज चढला की दिवे लुकलुकू लागतात. झुकाव बदलल्यामुळे हेडलाइटही पुन्हा लावून घ्या.

रस्त्यावर जाण्याआधी

साइडकारमध्ये ठरलेल्या भाराच्या दीडपट वजन रात्रभर ठेवा. सकाळी कर्ण, टो-इन आणि झुकाव पुन्हा मोजा, सांधे भिंगाने बघा. काहीही हललं असेल तर कारण सापडेपर्यंत चाक फिरवू नका. प्रत्येक नट-बोल्टवर आवळल्यानंतर रंगाची रेघ मारा, सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. पहिल्या 50 किमीनंतर सगळे पाना लावून तपासा, मग 200 ला, 500 ला आणि पुढे दर हजाराला.

चालवायला नव्याने शिकणं

दुचाकीचा कितीही अनुभव असला तरी इथे शून्यापासून सुरुवात होते. दुचाकी आपण झुकवून वळवतो. ही गाडी हँडलने वळवायची असते, आणि शरीराची सवय पहिले काही दिवस विरोध करते. रिकामं, मोठं, पक्कं मैदान शोधा. साइडकारमध्ये 35 ते 40 किलो वाळू घट्ट बांधा, माणूस नको.

आधी पायी चालण्याच्या वेगाने आठच्या आकड्यात फिरा. मग लक्षात येईल की थ्रॉटल दिला की गाडी डावीकडे जाते आणि सोडला की उजवीकडे. ही खोड वापरायला शिका: डाव्या वळणाआधीच वेग कमी करून वळणात हलका थ्रॉटल ठेवा, उजव्या वळणात थ्रॉटल थोडा सोडा. उजव्या वळणात जोराचा ब्रेक टाळा, मागचं चाक हलकं होतं.

त्यानंतर साइडकार उचलण्याचा सराव, हळू वेगात, डावीकडच्या आवळत्या वर्तुळात, वाळू कमी करून. पहिल्यांदा चाक उचललं की बहुतेक जण हँडल झटक्यात उजवीकडे सोडतात. साइडकार खाली येते खरी, पण रस्त्यावर त्या क्षणी तुम्ही समोरच्या लेनमध्ये असता. हा सराव करायचं कारण तेच. मैदानावर तो क्षण अनेकदा अनुभवला की हात घाबरत नाहीत. थ्रॉटल शांतपणे कमी करायचा, अंग डावीकडे टाकायचं, हँडल थोडंसंच सैल करायचं. आणि खऱ्या रस्त्यावर डाव्या वळणाला आधीच सावकाश जायचं. हे हाताला येईपर्यंत कुणालाही आत बसवू नका.

लांबच्या प्रवासासाठी

गिअरिंग बदला. मागचा स्प्रॉकेट दोन-तीन दात मोठा किंवा पुढचा एक दात लहान केला की क्लच आणि इंजिन दोघांना चढावर श्वास मिळतो. इंधन बरंच जास्त लागतं, त्यामुळे भरलेल्या साइडकारसह दोन-तीन टाक्यांचं प्रत्यक्ष माप घेतल्याशिवाय पंपांमधलं अंतर ठरवू नका. मागचा टायर मधोमध झिजतो, तोही दुचाकीपेक्षा कितीतरी लवकर. निघताना नवीन घाला आणि एक जादा सोबत ठेवा.

गाडीची रुंदी आता 1.6 मीटरच्या घरात आहे. पहिले काही दिवस डावं चाक कुठून जातंय याचा अंदाज चुकतो, म्हणून साइडकारच्या पुढच्या बाहेरच्या कोपऱ्यावर नजरेत येईल अशी एक उभी काठी लावा. रिव्हर्स गिअर नाही हे लक्षात ठेवून मुक्कामाच्या जागी गाडी नेहमी बाहेर पडायच्या दिशेने तोंड करून लावा. उतारावर नाक खाली करून लावलेली, भरलेली साइडकार मागे ढकलायला दोन माणसंही कमी पडतात.

प्रवाशाशी खुणा ठरवून घ्या: थांब, हळू, काहीतरी बिघडलंय. वाऱ्यात आवाज पोचत नाही, आणि तिसऱ्या चाकाची हवा कमी झाल्याचं चालकाआधी त्याच्या लक्षात येतं. हत्यारांच्या पिशवीत वरच्या आणि खालच्या जोडांच्या मापाचे दोन-दोन जादा बोल्ट, नायलॉक नट, एक जादा रॉड एंड आणि ती ॲल्युमिनियमची सरळ नळी अर्धी कापून घडीची करून ठेवा. एखाद्या खड्ड्याने टो-इन हलला तर रस्त्याच्या कडेलाच तो पुन्हा लावता येतो.